सर्वगुणसंपन्न दार

घराच्या नकाशात दार काढणे ही नकाशानविशीतली सर्वांत किरकोळ कामगिरी समजली जाते. भिंतीत पाहिजे तेवढी फट ठेवावी, फटीच्या एका टोकाशी फळी म्हणून एक जाड रेघ काटकोनात उभी करावी, आणि त्या फळीच्या शेंड्यापासून फटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत वर्तुळाचा एक चतकोर ओढावा. म्हणजे दार झाले, ते कोणत्या अंगाने आणि किती जागा अडवून उघडणार हेही कळले, आणि काढणारा चहा प्यायला मोकळा झाला. विलेपार्ले पूर्वेस, हनुमान रस्त्याच्या आतल्या अंगाला, मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या परंतु मोटारीची चाके कधीही न लागलेल्या एका गाळ्यात आमची कचेरी आहे. तेथे नकाशानवीस या हुद्द्यावर माझा आयुष्यक्रम चालू असून, या एका रेघेने आणि एका चतकोराने मला जितका मनस्ताप दिला आहे तितका आख्ख्या इमारतींनीही दिलेला नाही.

पूर्वी असे नव्हते. ट्रेसिंग कागदावर रॉटरिंगच्या पेनाने नकाशे निघत होते त्या काळी दाराला एक प्रकारची प्रतिष्ठा होती. एकदा शाई वाळली की ते दार जन्माचे तेथले झाले. ते हलवायचे तर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन, श्वास रोखून, कागदाला भोक न पाडता शाई खरवडावी लागे, खरवडलेली जागा खोडरबराने गुळगुळीत करावी लागे, आणि एवढा द्राविडी प्राणायाम करूनही नवी रेघ नेमकी त्याच जागी फुटून शाई चहूकडे पसरे. म्हणून एखाद्या गिऱ्हाइकाने नुसते बोट पुढे करून "हे दार जरा या बाजूला..." असे म्हणताच आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवत आणि अत्यंत गंभीर स्वरात एवढेच म्हणत, "ट्रेसिंग फाटेल." या दोन शब्दांपुढे मोठमोठे कारखानदार नमलेले मी पाहिले आहेत. पार्ल्यातल्या त्या काळच्या काही इमारतींत संडासाचे दार थेट जेवणाच्या टेबलासमोर का उघडते, असा प्रश्न ज्यांना पडत असेल त्यांनी त्याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात शोधू नये.

पुढे संगणक आला आणि कागद फाटण्याची भीती नष्ट झाली. या अनर्थाचे मूळ पुष्कळ मागे आहे. १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' या आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघा ओढून दाखवल्या, आणि मूळ आकृती एकदाच काढून तिच्या हव्या तितक्या नकला मांडाव्यात, मूळ दुरुस्त केले की नकला आपोआप दुरुस्त व्हाव्यात, अशीही तजवीज त्याच वेळी करून ठेवली. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड विक्रीस आले आणि यथावकाश तेथे या नकलेला 'ब्लॉक' हे नाव मिळाले. दार एकदा काढा, ब्लॉक करून ठेवा, आणि जन्मभर तेच ते चिकटवा, असा हा स्वस्त आणि सात्त्विक सिद्धांत होता. परंतु दारे सारख्या रुंदीची नसतात. संडासाचे ७५० मिलिमीटरचे, झोपायच्या खोलीचे ९०० चे, बाहेरचे १०५० चे. त्यात पुन्हा डाव्या बिजागरीचे आणि उजव्या बिजागरीचे, आत उघडणारे आणि बाहेर उघडणारे. प्रत्येकाचा ब्लॉक निराळा. परिणामी आमच्या कचेरीच्या दप्तरात 'दार-९००-उजवे', 'दार-९००-उजवे-नवे', 'दार-९००-उजवे-नवे-बरोबर' आणि 'दार-९००-उजवे-हेच-वापरा' अशा नावांची एक वंशावळ तयार झाली, आणि त्यांपैकी शेवटचे डावे निघाले.

अशा वेळी, २००६ सालाच्या नावाने पण आदल्या वर्षीच निघालेल्या ऑटोकॅडच्या आवृत्तीत 'डायनॅमिक ब्लॉक' नामक सोय आली. एकच दार काढायचे, पण त्याच्या अंगाला असे निळे बाण बसवायचे की एक बाण ओढला तर दार रुंद व्हावे, दुसऱ्यावर टिचकी मारली तर डाव्याचे उजवे व्हावे, तिसऱ्यावर मारली तर आतले बाहेर उघडावे. ही वार्ता आमच्या गाळ्यापर्यंत पोहोचावयास पार्ल्याच्या रिवाजाप्रमाणे काही वर्षे गेली, पण पोहोचली त्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवून हुकूम फर्मावला, "असे एक दार करा, की या कचेरीत पुन्हा कोणाला दार काढावे लागू नये."

"किती अवधी मिळेल?" मी विचारले.

"अवधी कसला? एकच तर दार आहे."

आता, ज्यांनी हे दार घडवले नाही त्यांना त्यातली मेख समजावी म्हणून थोडा तपशील सांगितला पाहिजे. दाराची रुंदी वाढली की तीन गोष्टी घडाव्या लागतात, आणि तिन्ही निरनिराळ्या दिशांना. पलीकडची चौकट भिंतीच्या रेघेत सरकावी. फळी लांब व्हावी, पण ती काटकोनात उभी असल्यामुळे तिने चौकटीच्या दिशेने न वाढता नव्वद अंशांत वळून वाढावे. आणि चतकोर मात्र ताणला न जाता बिजागरीभोवती सगळा मोठा व्हावा. म्हणजे पहिल्या दोघांना 'स्ट्रेच' आणि तिसऱ्याला 'स्केल'. कोणता हुकूम कोणी पाळायचा हे प्रत्येकाला वेगळे बजावावे लागते, आणि जोवर बजावलेले नसते तोवर त्या जागी पिवळ्या चौकोनात एक उद्गारचिन्ह उभे राहून तुमच्याकडे पाहत असते. मला इतके दिवस उद्गारचिन्ह हे केवळ नाटकांच्या जाहिरातींत येते असे वाटत होते.

पहिल्या प्रयोगात मी फळी आणि चतकोर अशा दोघांनाही 'स्केल'खाली घातले. दार ९०० चे होते तोवर फळी चाळीस मिलिमीटर जाडीची, गृहस्थी आणि शालीन दिसत होती. ते दुप्पट ओढताच फळीची जाडीही दुप्पट झाली, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा फक्त खिळ्यांविना असलेला अवतार लाभला. दुसऱ्या प्रयोगात निवडीची चौकट ओढताना फळीचे एक टोक बाहेर राहिले; त्यामुळे चतकोर मोठा झाला, चौकट सरकली, आणि फळी मात्र होती तेवढीच राहून मध्ये दीड वीत मोकळी जागा पडली. साहेबांनी ते पाहून विचारले, "हे वरून मांजराला ये-जा करण्यासाठी का?" नकाशात वरून दिसते, बाजूने नव्हे, हे त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

परंतु खरी परीक्षा 'फ्लिप'ने घेतली. डाव्याचे उजवे करायचे तर फटीच्या मधोमध एक आरशाची रेघ कल्पावी लागते, आणि तिच्या या अंगाचे सगळे त्या अंगाला उलटते. ९०० च्या दारात ती रेघ ४५० वर घालून मी समाधानाने हात झटकले. दार डावे झाले, उजवे झाले, पुन्हा डावे झाले. कचेरीतल्या सगळ्यांनी पाळीपाळीने टिचकी मारून पाहिली आणि जिलेबी मागवण्यात आली. दुसऱ्या दिवशी तेच दार १०५० ला ओढून उलटले, तर ते उलटता उलटता बरोबर १५० मिलिमीटर भिंतीत घुसले. कारण दार रुंद झाले तरी आरसा आपल्या जुन्या मध्यावरच निष्ठेने उभा होता. दार जितके वाढेल त्याच्या निम्म्याने आरशानेही सरकावे, असे त्यालाही निराळे शिकवावे लागते. हे ज्ञान होण्याच्या आतच एका सदनिकेचे स्नानगृह शेजारच्या सदनिकेच्या हद्दीत उघडू लागलेला एक नकाशा छापून बाहेर गेला होता, आणि शेजारच्यांनी त्यास हरकत घेण्याऐवजी "भाडे किती पडेल?" अशी पृच्छा केली होती.

त्यानंतर मला पूर्णत्वाचा ध्यास लागला. दार आपण होऊन भिंतीला चिकटावे म्हणून मी त्यात 'अलाइनमेंट' घातले. तेव्हापासून ते जवळ येईल त्या कोणत्याही रेघेला भिंत मानू लागले आणि एकदा जेवणाच्या टेबलाच्या कडेला आडवे जाऊन बसले. एकपाखी, दुपाखी आणि सरकते अशी तिन्ही रूपे एकाच दारात असावीत म्हणून 'व्हिजिबिलिटी' घातली. एकाचे रूप दाखवताना दुसऱ्याचे लपवावयाचे राहिल्यामुळे एका दिवाणखान्यास तीन पाख्यांचे, एकाच वेळी आत, बाहेर आणि भिंतीतून उघडणारे दार मिळाले. रुंदीला मोकळीक ठेवली होती. तर आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने बाण हवा तेथे सोडून स्वयंपाकघराचे दार ९१३.४६ मिलिमीटर रुंद केले. जागेवरचे सुतारमिस्त्री तो कागद घेऊन कचेरीत आले. त्यांचे गणित फूट, इंच आणि इंचाचा आठवा भाग जे सूत त्यात चालते.

"साहेब, हे तीन फुटाला अर्धे सूतसुद्धा कमी नाही. हे जे शेचाळीस लिहिलंय ते रंधा मारून काढायचं, की पॉलिशपेपरनं?"

तेव्हापासून दाराने ठरावीक मापांवरच थांबावे अशी यादी त्यात भरली. आता बाण ओढला की बारीक उभ्या खुणा उमटतात आणि दार टप्प्याटप्प्याने, शिस्तीत, रांगेतल्या माणसासारखे पुढे सरकते.

इंचांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक प्रसंग सांगून टाकतो. अंतर्गत सजावट करणाऱ्या एका कचेरीने आमचे दार मागून नेले. त्यांची फाईल इंचांत आणि आमची मिलिमीटरमध्ये. येता-जाता कोणीतरी कोणालातरी पंचवीस पूर्णांक चार दशांशाने गुणले, आणि जे परत आले त्यात एका शयनगृहाला २२,८६० मिलिमीटरचे, म्हणजे पंचाहत्तर फुटांचे दार होते. तो चतकोर शयनगृहातून निघून, जिना, कुंपण आणि समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीच्या तुळशीपाशी टेकला होता. वरून पाहिलेल्या नकाशात दाराला उंची नसते हे आमचे नशीब. नाहीतर पार्ल्याच्या शेजारी विमानतळ असल्यामुळे येथे इमारतीच्या उंचीला जशी विमानतळवाल्यांची परवानगी लागते तशी ती या दारालाही घ्यावी लागली असती.

असे पडत-झडत शेवटी ते दार सिद्ध झाले. रुंद होई, अरुंद होई, उलटे, सुलटे, एकपाखी, दुपाखी, भिंतीशी नम्र आणि टेबलाशी अलिप्त. साहेबांनी पाहून मान डोलावली. आणि येथून पुढे माझ्या हालांना खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. कारण आजवर दार केवळ मला छळत होते, आता ते लोकांच्या हाती गेले.

पार्ल्यात हल्ली जिकडे पाहावे तिकडे पुनर्विकास चालू आहे. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभारणाऱ्या या गावाला सभेचे वावडे कधीच नव्हते. येथे चार माणसे जिन्यात भेटली तरी त्यांतला एक अध्यक्षस्थानी उभा राहतो. अशा एका जुन्या सोसायटीच्या सभेत नवे नकाशे दाखवण्यासाठी साहेबांनी मला संगणक आणि प्रोजेक्टर घेऊन नेले. इमारत पाडायची की नाही यास, शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणे, एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरते, आणि ती मिळालीही होती. दार कोणत्या बाजूस उघडावे याबद्दल मात्र शासनाने मौन पाळले आहे, ही त्या निर्णयातली मोठीच उणीव होय.

पडद्यावर दुसऱ्या मजल्याची सदनिका उमटली. मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "शयनगृहाचं दार उघडलं की कपाटाला आपटेल हो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी बाणावर टिचकी मारली. दार क्षणार्धात उलटले.

सभेत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. अर्ध्या शतकाची सहनशीलता एका टिचकीत संपुष्टात आल्याची ती शांतता होती. दार हलू शकते हे पार्ल्याला त्या क्षणी कळले. लागलीच तिसऱ्या रांगेतले काका उठले. "आमचंही जरा फिरवा." फिरवले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "नको, होतं तेच बरं होतं." परत फिरवले. "पण मग पलंग?" पुन्हा फिरवले. एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या घराचे दार कोणीकडे उघडते याकडे कधी ढुंकूनही पाहिले नसावे, ते तत्त्वाचा प्रश्न म्हणून उभे राहिले आणि दार आत उघडणे हे आतिथ्याचे, तर बाहेर उघडणे हे तुसडेपणाचे लक्षण आहे या विषयावर बोलू लागले. एका सभासदाने वास्तुतज्ज्ञांना फोन लावून त्यांना ध्वनिक्षेपकासमोर धरले. त्यांनी मुख्य दार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने उघडावे असा निर्वाळा दिला, आणि मग तो काटा आतून पाहायचा की बाहेरून यावर सभेचे दोन तट पडले.

मी टिचक्या मारीत होतो.

"एकदा सगळी दारं एकदम उलटून दाखवा ना," एक मुलगा म्हणाला. त्याचा हेतू निव्वळ करमणुकीचा होता. पण ठराव मांडण्यात आला, अनुमोदन मिळाले, आणि मजल्यावरची यच्चयावत दारे उलटली. त्यात आगीच्या जिन्याचे दारही आत वळले. ते मात्र पलायनाच्या दिशेनेच उघडले पाहिजे असा नियम आहे, मागून रेटा आला तर माणसाने दार स्वतःकडे ओढत बसू नये म्हणून; त्या सबंध नकाशात नियमाने बांधलेले असे हे एक दार होते, आणि नेमक्या त्या एका दाराबद्दल कोणालाही मत नव्हते. मी ते गुपचूप परत फिरवले. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

सभा आटोपली तेव्हा चिटणीसांनी मला बाजूला घेऊन, अत्यंत विश्वासाने, हलक्या आवाजात विचारले, "हे बाण प्रत्यक्ष दाराला बसवून मिळतात का? जादा खर्च पडला तर चालेल."

पुढच्या सभांत हा प्रकार विकोपाला गेला. लोक घरून आपापल्या दारांची चित्रे काढून आणू लागले. कोणी ७५० आणि ९०० यांच्या मधले, 'जरासे सैल' माप मागू लागले, मी नकार दिला तर "यादीत भरायला काय जातं?" म्हणाले, आणि खरोखरच काही जात नव्हते. हीच त्यातली शोकांतिका होती. इकडे कचेरीत बदललेल्या प्रत्येक दाराला यंत्र आपल्या मनाने तारांकित 'यू' आणि एक क्रमांक असे अनामिक नाव देत होते, आणि अशी अनाथ दारे फाईलभर साठून ती उघडता उघडता सकाळचा पहिला चहा संपू लागला होता. शेवटी एके रात्री आमच्या त्याच नव्या मुलाने, एक बाण सापडेना म्हणून, 'एक्सप्लोड' ही आज्ञा दिली. एका कळीत सगळी दारे फुटून पुन्हा सुट्या रेघा आणि सुटे चतकोर झाली. बाण गेले, आरसे गेले, रूपे गेली.

सकाळी साहेब म्हणाले, "आता बदलता येणार नाहीत?"

"प्रत्येक हाताने काढावं लागेल," मी म्हणालो.

साहेबांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी पूर्वीचे तेज चढले. "राहू द्या असेच," ते म्हणाले, "सोसायटीला कळवा की नकाशे मंजुरीसाठी गेले."

इमारत यथाकाल उभी राहिली. चौकटी बसल्या, आणि त्या नकाशाप्रमाणे बसल्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कारण विजेचे बटण ज्या भिंतीवर आले त्याच्या विरुद्ध अंगाला बिजागरी, हा मिस्त्रींचा नियम होता. "दाराच्या मागं बटण गेलं तर अंधारात माणूस दिवा कुठं शोधणार?" असे ते मला म्हणाले. हे इतके दिवस, इतक्या सभांत, एकाही वक्त्याला सुचले नव्हते. मला अर्थात मुळीच नव्हते.

ताबा घेण्याच्या दिवशी तिसऱ्या रांगेतले ते काका आपल्या शयनगृहाच्या दाराशी बराच वेळ विचारमग्न उभे राहिले. मग मिस्त्रींना हाक मारून म्हणाले, "हे त्या बाजूनं उघडलं असतं तर पलंगाला बरं झालं असतं. आता होईल का?"

"होईल की," मिस्त्री म्हणाले. "चौकट उपटावी लागेल, प्लास्टर फुटेल, फरशीचे दोन तुकडे जातील. मजुरी रोख."

काकांनी दार एकवार उघडले, एकवार लावले, फळीवरून हात फिरवला, आणि या बाजूने हवा फार छान येते असा अभिप्राय दिला.